गुडघ्यावरचा उजेड

सोलापुरातले ते प्रकरण आजही आठवले की आरोपीच्या आधी फिर्यादीचा गुडघा डोळ्यांसमोर येतो. एकोणीसशे तीसनंतरचा काळ. मी शहरात फौजदार होतो.

बाजाराच्या दिवशी जेऊरकडचा एक मेंढपाळ धाकट्या भावाच्या खांद्यावर भार टाकून ठाण्यात आला. मागे त्याची बायको. गुडघ्यावर मोठाले फोड, कडा काळपट.

भाऊच बोलला, "सायेब, बिजलीच्या फोटोवाल्यानं दादाचा पाय जाळला. डॉक्टर नव्हता तितं. ह्यो कोन लागून गेलाय उजेड द्यायला?"

एका खासगी दवाखान्यात एक्स-रेचे यंत्र होते. ते चालवणारा ऑपरेटर पूर्वी गिरणीत वायरमन होता. डॉक्टरांनी मेंढपाळाच्या दुखऱ्या गुडघ्याचा फोटो काढवला. हाड शाबूत निघाले. पण त्याच यंत्राने डॉक्टर डोक्यातल्या नायट्यावर उपचारही करत. त्यामुळे यंत्राचा उजेड पडला की रोग जातो, असा लोकांचा समज झाला होता. हा गृहस्थही रेल्वेने पुन्हा आला आणि उजेड मागू लागला.

ऑपरेटरला ठाण्यात बोलावले.

"डॉक्टरांचा हुकूम होता?"

"फोटोला होता, साहेब. दुसऱ्या खेपेला नव्हता."

"मग यंत्र का चालवलंस?"

"हात जोडून बसले. डॉक्टर बार्शीला गेलेले. म्हटलं, एवढ्या लांबून आलेत. फोटोला लागतं तेवढंच चालवलं. तेवढ्यानं कातडी जळत नाही."

"हे तू ठरवणार?"

शिक्षा झाली तर नोकरी जाणार, हे त्याला कळत होते.

डॉक्टरांचा जबाब घेतला. "त्याचं काम बटण दाबायचं. तेही मी सांगेन तेव्हा," ते म्हणाले. मात्र ते गावाला गेले की हाड मोडले की नाही हे रोग्यांना ऑपरेटरच सांगतो, हेही त्यांनीच कबूल केले. फोडांबद्दल म्हणाले, "एवढ्यानं जळू नये. पण जळलंच नाही, असं लिहून देणार नाही."

निष्काळजीपणाने दुखापत, हे कलम लागण्यासारखे होते. पण निष्काळजी कोण? सरकारी वकिलांना विचारले. ते म्हणाले, "डॉक्टरी कोणी करावी याला कायदा आहे. बटण दाबणं ही डॉक्टरी आहे का, ते आधी तुम्ही मला सांगा." मी गेलो त्याहून जास्त गोंधळून परतलो.

जखमेचा पंचनामा चालू असताना शिपायाने सर्वांना चहा दिला. बाईने कप डाव्या हाताने घेतला. उजवा पदराखालीच राहिला. ठाण्यात माणूस जे झाकतो, ते आधी बघावे.

"हात दाखवा, बाई."

तिच्या बोटांवरही तसेच फोड होते.

"या बोटांवरही उजेड पडला का?"

ती खाली बघत म्हणाली, "बिब्बा हाय, सायेब. उजेडानं दुखनं वर आलं आसंल, म्हनलं बिब्ब्यानं भायेर काढावं."

"आगं, मला तेल म्हनलीस की!" नवरा ओरडला.

"बिब्ब्याचंच तेल की! नाव घेतलं आस्तं तर लावू दिलं आस्तं व्हय?"

भाऊ भिंतीकडे बघू लागला. बिब्बा अंगावर उतला की असे फोड येतात, हे ठाण्यातला प्रत्येक शिपाई जाणत होता. बिजलीचे नाव ऐकल्यावर ते कोणालाही सुचले नव्हते. मेंढपाळाने फिर्याद मागे घेतली आणि ऑपरेटर सुटला. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले, पण ताकीद देऊन: हुकमाशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, फोटोविषयी रोग्याशी अक्षर बोलायचे नाही.

पुढे गस्तीवर घोड्यावरून पडून माझे मनगट सुजले. त्याच दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर फोटोची चिठ्ठी देऊन दुसऱ्या रोग्याकडे गेले. ऑपरेटरने फोटो काढला आणि ओली प्लेट उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली.

"मोडलंय का रे?"

"डॉक्टरसाहेब सांगतील."

"तुला दिसतंय ना?"

"दिसतंय, साहेब. पण ते मी ठरवणार का?"

फोड कशाचे, हे त्या प्रकरणात मला शोधता आले. या माणसाचे काम कुठे संपते, हे मात्र ना मला सापडले, ना वकिलांना. ‘हे तू ठरवणार?’ हा प्रश्न ठाण्यात मी उत्तर माहीत असल्याच्या सुरात विचारला होता. आता तोच माझ्याकडे परत आला. त्याने प्लेट वाळत घातली. मनगट धरून मी बाकावर डॉक्टरांची वाट पाहत बसलो.