‘हाड’ म्हटल्यावर

लढाईनंतर वडील पहिल्यांदाच लांब रजेवर आले, त्या श्रावणात आम्ही जरंडेश्वराच्या डोंगरावर मारुतीला निघालो. आई, वडील, मी आणि कुणी न बोलावता मागे लागलेलं आमचं कुत्र्याचं पिल्लू. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. आईला ते मुळीच खपत नसे, असं आपलं तिचं म्हणणं. चुलीपाशी आलं की ‘हाड!’ करायची आणि मग ‘हाड मेल्या, गीळ!’ म्हणत ताकात कुस्करलेली भाकरीही तीच पुढे ठेवायची.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. वाट निसरडी, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नुसतं पांढरं. मी आईचा पदर सोडत नव्हते. पिल्लू एका बेडकामागे धावलं आणि दिसेनासं झालं. लगेच खालून केकाटणं ऐकू आलं. वाकून पाहिलं, तर ते परातीएवढ्या खडकावर कातळाला चिकटून थरथरत होतं. बाजूने वर यायला गवताची घळ होती, पण त्याला ती दिसेल तर ना!

‘यू, यू’ करून मी घसा फोडला. ते उलट मागेच सरकत होतं. वडिलांनी चपला काढल्या आणि खाली पाय टाकला. मग मात्र माझी बोबडीच वळली. पिल्लासाठी रडणाऱ्या मला आता फक्त वडील वर हवे होते.

“आवं, नगा उतरू!” आई ओरडली. “लढाईवरनं सुकरूप आलाय, अन् कुत्र्यापायी जीव देताय व्हय?”

“काय हुत न्हाई गं. हात धर.”

त्यांचा पाय निसटला. मुठीतलं गवत मुळासकट उपटून आलं. आईने मनगट धरलं होतं म्हणून ते अर्धे वर राहिले. तिचा सगळा संताप पिल्लावर निघाला.

“हाड!” ती किंचाळली. “हाड मेल्या, हाड!”

पिल्लाचे कान उभे राहिले. हा शब्द आला की भाकरी येते, एवढंच त्याला ठाऊक. त्याला ते आपलं नावच वाटत असणार. घळीतून खरडत, घसरत, पुन्हा खरडत ते वर आलं आणि थेट आईच्या पायांत घुसलं.

वडील चिखलाने माखून वर आले. कुणीच हसलं नाही. आई मटकन बसली. मारुतीला तिने तिथूनच हात जोडले आणि आम्ही माघारी फिरलो.

पुढे वडील पलटणीत परत गेले. दारात परकं कुत्रं आलं की आई मुकाट्याने काठी आपटायची. ‘हाड’ म्हटलं की आमचंच धावत यायचं.