लिंबू धरलेली मूठ

"दिवेलागणीले आरसा पाहू नये, हे तुले आता नव्यानं सांगा लागते का वं?"

"दुखते तं दिवेलागणीलेच, भाऊजी. दुपारी दुखलं असतं, तं दुपारी पाहिला असता."

कुसुमताईनं मान वर केली नाही. समोर पाटावर, दोन्ही हातांच्या मधोमध आरसा उभा होता, पितळी डब्याच्या टेक्यानं. आरशामागे तिचा डावा हात, म्हणजे कोपराखाली वीतभर उरलेला तेवढा. पुढे उजवा. आरशात पाहिलं की उजव्याची छबी नेमकी डाव्याच्या जागी बसायची. ती मूठ कुसुमताई सावकाश उघडत होती, मिटत होती.

दारात तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, नत्थूजी उभे. रसवंतीची मशीन घ्यायला कन्हानचा माणूस उद्या सकाळी येणार, हे सांगायला आले होते आणि आरशापाशीच अडकले.

लकडगंजच्या कोपऱ्यावरची ती रसवंती नवऱ्यामागे कुसुमताईनं एकटीनं चालवली. गेल्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांची गर्दी होती. शेवटच्या फेरीला चिपाडात लिंबू खोचून घालतात, तसं तिनं घातलं आणि लिंबासोबत पंजाही गेला. हात गेला, पण दुखणं मागे राहिलं. नसलेली बोटं तेच लिंबू आवळून बसलेली, नखं तळव्यात रुतलेली. रोज सांजेला, गर्दीच्या त्याच वेळेला.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या नूपुरनं तिला वेडी ठरवलं नाही. ती म्हणाली, "मावशी, मेंदूत तुमचा हात अजून आहे. लिंबू सोड, असं त्याला कोणी सांगितलंच नाही. डोळ्यांनी सांगून पाहा." साऱ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही तिनं सांगितलं. कुसुमताईनं घरी येऊन न्हाणीतला आरसाच उखडला.

"नवरा नाही, हात नाही, अन् बाई आरशासमोर बसून राहिली. लोक काय म्हनत असतीन?"

"लोक म्हनतीन, बरफ कमी टाका."

नत्थूजींचा आवाज चढला. विका ती मशीन, असं थंडीत तीच रडत म्हणाली होती, याची त्यांनी आठवण दिली.

"म्हनली होती. तेव्हा लिंबू मुठीत होतं."

"अन् आता?"

"आता सुटते. रोज नाही, पन सुटते. मशीनलेही पुढून जाळी बसवली."

"नसलेली मूठ उघडते म्हने. मनाचे खेळ हायेत हे सारे."

"हाओ, मनाचेच. बसा इथं. तुमचंही मन पाहू."

तिची खोड मोडायला म्हणून ते बसले. भासऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही, म्हणून कुसुमताईनं सारं तोंडानंच सांगितलं. अंगठी काढा, मनगटाचा लाल धागा सोडा. डाव्या हातात ते नाही, मग डोळे फसत नाहीत. डावा मागे ठेवा, उजवा पुढे. दोन्ही मुठी संगत उघडा, संगत मिटा. नजर आरशात.

आधी नत्थूजी हसत होते. मग आरशाजवळ सरकले. सांज दाट झाली तरी दिवा लावायला कोणी उठलं नाही.

"आता मागची मूठ गच्च मिटून ठेवा. पुढचीच उघडा."

उजवी उघडली. आरशात डावीही उघडली, सावकाश, एकेक बोट. नत्थूजींचा खांदा दचकला. ते आरशामागे वाकू लागले.

"मागं पाहू नका. सांगा, डावी उघडी हाय का मिटलेली?"

"मिटलेली. नाही, उघडी... थांब."

"तुमचा हात तं धड हाय, भाऊजी. तरी सांगता येऊन नाही राहिलं. मी सात महिने मिटलेल्या मुठीनं झोपली." कुसुमताईनं पाट स्वतःकडे ओढला. "कन्हानवाल्याले फोन करून द्या. मशीन विकायची नाही. पाडव्याले रसवंती उघडून राहिली मी. अडवाचं असन, तं आत्ता सांगा."

नत्थूजी उठले. डावी मूठ छातीशी तशीच धरलेली. अंधारात पायांनीच चपला चाचपल्या.

"भाऊजी, अंगठी राहिली."

ते पायऱ्या उतरून गेले. खालून त्यांचा आवाज आला, "हॅलो, उद्या येऊ नका."