काठोकाठ भरलेली कॉफी

क्लोटिल्डा तुस्कानो वसईच्या वाडीतली. पाहुण्याला अर्धा पेला देणं म्हणजे घराण्याची लाज, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. त्याच सवयीपायी सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं आख्खं कॉलेज बुडवत आणलं होतं.

कॉलेज ओमानातलं, शेतकीचं, नवंकोरं, अल हैलहून बसने तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी. क्लोटिल्डा तिथल्या प्राचार्यांची, डॉ. जैनुद्दीन यांची सेक्रेटरी. कारभार पाच जणांच्या मंडळाकडे. पण मंडळानं कितीही ठराव केले तरी पाणी गावाचं. डोंगरातून फलज, म्हणजे पाट, उतरायचा आणि त्याच्या पाळ्या गाव ठरवायचं. लिंबाच्या रोपांनी माना टाकल्या तेव्हा मंडळापुढे दोनच वाटा उरल्या: गावाकडे जादा पाळी मागायची, नाहीतर बोअर मारायची. बोअर मारली तर पाट आटणार, गावाशी कायमचं वैर. रोपं गेली तर कॉलेजला टाळं आणि क्लोटिल्डाचा व्हिसा खलास. नवऱ्याच्या, मॅक्सिमच्या हॉटेलातल्या एकट्या पगारावर अल हैलचं घर चालणारं नव्हतं.

फलजचा कारभारी, म्हातारा अमीन, दोन गावकऱ्यांना घेऊन जादा पाळीचं बोलायला बैठकीला आला. टेबल-खुर्च्यांकडे एकदा बघून तिघेही सरळ गालिच्यावर बसले. मग मंडळही मुकाट खाली उतरलं. एका मेंबरच्या सुटाची शिवण उसवल्याचा आवाज आला, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

कॉफी देणारा शिपाई उत्तम रजेवर रत्नागिरीला गेलेला. म्हणून किटली क्लोटिल्डानं घेतली. त्या बिनकानाच्या चिमुकल्या वाट्या बघून तिला पाहुण्यांची कीवच आली. तिनं अमीनची वाटी काठोकाठ भरली.

जैनुद्दीन सरांचा चेहरा पांढराफटक. शेजारचा ओमानी मेंबर तिच्या कानाशी कुजबुजला, की मॅडम, इथे तळाशी घोटभर ओततात. भरून दिली म्हणजे पाहुण्याला सांगितलं, पी आणि चालता हो.

क्लोटिल्डाच्या पायांखालचा गालिचाच सरकला. अमीननं वाटी उचलली नाही. मोडक्या हिंदीत त्यानं विचारलं, "बेटी, तुझ्या गावात पाणी फार आहे का?"

"विहिरी आहेत, बाबा." "आमच्यात भरून दिलं की मान दिला असं होतं."

"मग मी उठू, की मान घेऊ?"

"घ्या, बाबा."

त्यानं दोन रिकाम्या वाट्या मागवल्या. भरलेल्या वाटीतली कॉफी थेंब न सांडता तिन्हींत सारखी वाटली आणि सोबत्यांपुढे सरकवली. "एकट्याला जास्तच होती," तो म्हणाला. मग प्राचार्यांकडे वळून त्यानं सांगितलं, की फलजच्या डागडुजीसाठी एक पाळी राखीव असते, ती विकून खर्च भागतो. यंदा ती न विकता रोपांना देऊ. बदल्यात बोअर मारायची नाही आणि हिवाळ्यात कॉलेजच्या पोरांनी पाट उपसायला यायचं. जैनुद्दीन सरांनी मंडळाकडे पाहिलं. पाचही हात वर झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लोटिल्डा मुद्दाम गावात गेली. अमीननं तिला चौकात नेलं. तिथे एक खांब, त्याची सावली जमिनीवर रोवलेल्या दगडांवरून सरकत होती. सावली ठरलेल्या दगडाला टेकली, पाळी संपली, तसा खजुरीच्या बागेतला शेतकरी उठला. स्वतःच्या शेताचं तोंड त्यानं चिंध्या आणि दगडानं बुजवलं आणि पाणी पुढे सोडलं. त्याची खजूर अजून अर्धी कोरडी होती. राखायला कुणी नव्हतं, हाकही कुणी मारली नव्हती. वाडीत एका मोटेच्या पाण्यावरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली क्लोटिल्डानं पाहिली होती.

"बाबा, हे कधीपासून असं चालतं?"

"माझ्या आजोबालाही ठाऊक नव्हतं," अमीन म्हणाला. "त्या डोंगराला विचार."

पाणी कॉलेजच्या कुंपणाखालून आत शिरलं. क्लोटिल्डानं चपला काढून हातात घेतल्या आणि रोपांपर्यंत त्याच्या मागून चालत गेली.

उत्तम परत आला, पण किटली काही त्याच्या हाती गेली नाही. दोन हजार सहा साली वसईला परतेपर्यंत मंडळाची कॉफी तिनंच ओतली, घोटभर. अमीन आला की वाटी पुढे करून विचारायचा, "आज मान नाही वाटतं?"