न धुतलेलं लुगडं

आम्ही कळंबोलीला राहायला आलो, तेव्हा आईला सगळ्यात विचित्र काय वाटलं असेल, तर घरात म्हशी नाहीत हे. आमचं घर कोयनेच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सड्यावर. कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं. एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी. पावसाळ्यात धुकं असं उतरायचं की दारातली म्हैस दिसायची नाही, नुसती घंटा ऐकू यायची. इथे सळ्या आपटल्याचा आवाज. वडील लोखंड बाजारात हमाली करायचे.

एके दिवशी गावाकडे म्हशींपाशी राहिलेला काका दारात उभा. खांद्यावर घोंगडं, तोंड एवढंसं झालेलं.

"वयनी, चांदरी व्याली, पर रेडकू गेलं. कुनालाच जवळ येऊ दीना. अशीच आटून जायाची."

चांदरी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली आमची म्हैस. पहिल्या वेतापासून तिची धार आईनंच काढलेली. आई तशीच निघाली असती, पण धाकट्याला गोवर आलेला. काका तिचं लुगडं न्यायला आला होता, ते नेसून धारेला बसायला. एवढ्या मिशांचा बाप्या लुगडं नेसणार म्हणून मला हसू आवरेना. आमच्याकडे मात्र त्यात लाजायचं काही नव्हतं. म्हैस वासावर माणूस ओळखते.

"अंगावरचं द्या. धुतल्यालं नगं," काका म्हणाला.

आईनं पदर नाकाला लावला आणि तिचा चेहराच पडला. "भावजी, ह्याला धुन्याच्या पावडरीचा वास येतोय. न्हाय वळखायची ती मला."

म्हैस आटेल ही काळजी होतीच. पण आपण तिला परक्या झालो असलो तर, हे आईच्या जिवाला जास्त लागलं होतं. मला फार वाईट वाटलं.

लुगड्याला आईचा वास लागेपर्यंत काका थांबला. आई तेच लुगडं नेसून स्वयंपाक करायची, धाकट्याला पोटाशी घेऊन त्यातच झोपायची. "म्हशीपायी आंघोळ सोडली बाईनं," वडील चिडवायचे. मग एका सकाळी काकानं ते घोंगड्यात गुंडाळून नेलं.

दिवाळीच्या आधी तो तुपाचा डबा घेऊन आला.

"लई येळ हुंगत राह्यली. म्हनलं आता लाथ घालती. मंग पदर चाटला आन् सोडला पान्हा."

काकाचं ते ध्यान डोळ्यांपुढे आणून आम्ही हसत होतो. आईनं डब्याचं झाकण काढलं. बराच वेळ तो नाकाशी धरून बसली.

"चांदरीचंच हाय," ती म्हणाली, आणि रडायला लागली.