एक बॅटरी की दोन

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. हजर: मी, माझी यादी आणि पार्सिपनी या आमच्या अमेरिकन गावातल्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानातले काका. गैरहजर: नवरा. सिगारेट त्याचीच सोडवायची होती.

काका साठीचे, नागपूरकडचे. बोलता बोलता शर्टाचा रिकामा खिसा चाचपायचे. मी यादी वाचली: वजन, चार्जिंग, किती तास चालतो. त्यांनी दोन व्हेप, एक एका बॅटरीचा आणि एक दोन बॅटऱ्यांचा, माझ्या दोन तळहातांवर ठेवले.

"दोन बॅटऱ्यांचा दिवसभर चालतो. पण जोडी एकत्रच घ्यायची, एकत्रच चार्ज करायची. एक जुनी, एक नवी असं नाही जमत."

"मग एकवालाच द्या."

"तो संध्याकाळी बंद पडेल. तेव्हा साहेब गप्प बसतील, की सिगारेट आणायला ड्राइव्ह करतील?"

"हे यादीत नाही."

"ताई, त्यांना सोडायची आहे का, हे विचारलं?" काका हसले. "मला बायकोनं असे तीन आणून दिले होते. सोडली मात्र मी ठरवलं तेव्हाच."

मी रिकाम्या हातानं निघाले. गाडीत बसून यादीत सगळ्यात वर लिहिलं: 'त्याला विचारणे.'

आज मंगळवार. दूध, लॉन्ड्री, डेंटिस्ट, सगळ्यांपुढे खूण झाली आहे. वरची ओळ तेवढी राहिली आहे.