दत्तराव गिरामांचं कुंकू आणि टायमिंगचा पट्टा

येलदरीच्या वीजघरात दत्तराव गिरामांनी उभी नोकरी काटे बघण्यात घालवली. काटा हलला की साहेबाला सांगायचं, एवढंच काम. निवृत्त होऊन परभणीला आले ते, यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, अशी खात्री घेऊन. ब्याण्णव साली जुनी मारुती घेतली आणि ही खात्री गल्लीलाही पटवून देऊ लागले.

दसऱ्याला सगुणाबाईंना माहेरी, सोनपेठला, गाडीतून न्यायचं ठरलं होतं. लग्नापासून त्या माहेरी एसटीनेच गेल्या. भावांना निरोप गेला होता. अशा वेळी दत्तरावांना टायमिंगचा पट्टा चिरलेला दिसला.

"मिस्त्रीकडं न्या की," शेजारचा रिक्षावाला सटवाजी म्हणाला.

"पट्टाच हाय सटवाजी. पिठाच्या गिरणीलाबी असतो."

अष्टमीला अंगणात बॉनेट उघडलं. पट्टा इंजिनाचं वरचं आणि खालचं चाक एका तालात फिरवतो, म्हणून जुना काढण्याआधी दोन्ही चाकांवर खुणा करायच्या, हे त्यांनी ऐकलं होतं. घरात रंग नव्हता. देवघरातलं कुंकू घेतलं, तेलात कालवलं, दोन ठिपके दिले आणि पट्टा उतरवला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दत्तराव नवा पट्टा आणायला बाजारात गेले. इकडे सगुणाबाईंनी विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन पुजलं आणि ताट घेऊन गाडीपाशी आल्या. रॉकेलच्या फडक्याने बॉनेटमधली ती चाकं फिरवून फिरवून पुसली आणि दिसेल त्या लोखंडाला हळदीकुंकू लावलं.

दत्तराव परतले. कुंकू दिसलं, पट्टा चढवला, किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि कार्बोरेटरमधून बार निघाला.

"मामा," सटवाजी कुंपणावरून म्हणाला, "दिवाळी अजून लांब हाय."

दत्तरावांनी वायर तपासली, पेट्रोलला शिव्या दिल्या, पट्टा ताणणारा बोल्ट ढिलाच राहिला होता तो आवळला. बार चालूच. शेवटी ठिपके मोजले. सात निघाले.

"अगं, मी खुणा केल्त्या त्या कुठं गेल्या?"

"खुणा कसल्या? शिळं कुंकू होतं, पुसलं. ताजं लावलं."

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी सगळं कुंकू पुसून चाकं बघायचं ठरवलं. सगुणाबाई आडव्या आल्या.

"दसरा होऊस्तवर हात लावू नका. कुंकू पुसलेल्या गाडीत मी बसणार न्हाई."

"मग गाडी चालायची कशी?"

"ते तुमाला ठावं. यंत्रातलं तुमाला कळतंय."

त्यांनी पुसलं. हळदीच्या थराखाली नखाला खाच लागली. वरच्या चाकाला होती, खालच्यालाही होती. खुणा कारखान्यानेच करून पाठवल्या होत्या. कुंकवाची गरज पहिल्या दिवशीही नव्हती. खाचा जुळवून पट्टा चढवला. गाडी एका किल्लीत सुरू झाली. दत्तरावांनी विजयाने मागे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं.

"मामी स्टँडवर गेल्या," सटवाजी म्हणाला. "मीच सोडून आलो."

दत्तरावांनी गाडी पिटाळली आणि एसटी गावाबाहेर गाठली. रस्ता अरुंद, ड्रायव्हर बाजू देईना. सोनपेठपर्यंत त्यांनी तिची धूळ खाल्ली. भाऊ स्टँडवर बहिणीला उतरवून घेत होते, मागून मोकळी मारुती आली, तेव्हा धाकट्याने विचारलं, "दाजी, सामान आनलं का?"

मुक्काम झाल्यावर सगुणाबाई परतीला गाडीपाशी आल्या. बॉनेट उघडायला लावलं, माहेरचं कुंकू बोटभर लावलं, मग आत बसल्या.

"पुन्हा पुसायचं असलं," त्या म्हणाल्या, "तर आधी मला एसटीत बसवून देत जा."