माझं दुखणं मालकिणीच्या तोंडी

मिरचीच्या बांधावर मालकिणीनं मला पाटी खाली ठेवायला लावली. बाकीच्या बाया सरीत वाकलेल्या होत्या. तिनं त्यांनाही हाका मारल्या. सगळ्या जमल्यावर म्हणाली,

"इच्या अंगावरून जाते म्हणे, महिना महिना. डॉक्टरनंच सांगतलं आमाले. अन् हे बया आमच्या मिरचीत शिरून राह्यली. मंग पानं चुरडतीन नाही तं काय?"

त्या साली मिरचीवर चुरडा आला होता. पानं आवळून मुठीसारखी झाली होती. ते माझ्यामुळे झालं, असं तिथंच ठरलं. एक म्हातारी म्हणाली, "काऊन वं, लपवून ठेवलं व्हय?" दुसरी पदर तोंडाला लावून हसली. ती आमच्याच वस्तीतली होती. मी खाली पाहत राहिले. लुगड्याला मागून डाग तर नाही ना, एवढंच मनात येत होतं.

धाकट्या पोरीच्या बाळंतपणापासून मला ते दुखणं होतं. सासूला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं ते इतकंच, की मला चक्कर येते. मी मुळात बोलतच नाही. चौथीत होते तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं तरी घाम फुटायचा. सगळ्या जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. डॉक्टरला.

तो नवा आला होता. मालकाच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन त्यानं दवाखाना टाकला. आधीचा वैद्य आमच्या लोकांना ओट्याखाली उभं करायचा, लांबूनच विचारून वरून पुडी टाकायचा. यानं मला स्टुलावर बसवलं. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. मनगट धरून नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली.   मग म्हणाला, "सावकाश सांगा. इथलं इथंच राहील."

मी सांगितलं. जाणारं रक्त सांगितलं. चिंध्या कुठं वाळवते ते सांगितलं. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, तेही सांगितलं. त्यानं गोळ्या दिल्या, मेहकरच्या डॉक्टरीणबाईला दाखवा म्हणाला. देवळात जाणं आम्ही बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून सोडलं होतं. पण त्या दिवशी घरी येताना त्या माणसाबद्दल जे मनात आलं, ते पूर्वी देवाबद्दल यायचं.

आणि तेच सगळं मालकिणीच्या तोंडी.

मालकानं वाट सांगितली. बांधावर नारळ फोड, वावराची माफी माग, मंग ये कामाले. संध्याकाळी नवरा म्हणाला, फोडून टाक, एका नारळानं काय होते. घरातले देव त्यानंच स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. 

खरं सांगते, बांधावर उभी असताना मलाही क्षणभर वाटलं होतं, की चुरडा माझ्यामुळेच आला. सकाळी दवाखान्याकडे निघाले तेव्हा वाटेत दुसऱ्याचं वावर लागलं. तिथली मिरचीही तशीच आवळलेली. त्या वावरात तर आमच्यातल्या कोणाला पाऊल टाकू देत नव्हते.

दवाखान्याची ओसरी माणसांनी भरली होती. मी आत जाऊन उभी राहिले. डॉक्टर बसा म्हणाला, बसले नाही. विचारलं, तुमी काऊन सांगतलं.

"मालकांनी विचारलं," तो म्हणाला. "तुमच्या भल्यासाठीच सांगितलं. जड काम देऊ नका म्हटलं."

तो खोटं बोलत नव्हता. तेच जास्त लागलं. आपण कोणाचं गुपित फोडलं असं त्याला वाटतच नव्हतं. बैल लंगडला तर मालकालाच सांगतात.

मी म्हणाले, "मालकीणबाई बिमार पडल्या, तं त्यायचं दुखणं तुमी मले सांगसान काय?"

माझा आवाज लहान. तरी ओसरीवर ऐकू गेलं. कंपाउंडर म्हणाला, "चाल हो भाईर, बाई. लई झालं." डॉक्टर हातातल्या बाटलीकडे पाहत राहिला. मी माझ्या पायानं बाहेर आले.

नारळ फोडला नाही. ते काम गेलं. रस्त्याच्या कामावर खडी फोडली. गोळ्या संपल्या तशा बंद केल्या, पण त्याच्या दारात पुन्हा गेले नाही.

मेहकरला एकटी गेले. डॉक्टरीणबाईच्या खोलीत एक माणूस टेबलाशी बसला होता. बाईंनी विचारलं, काय होतंय?  मी म्हणाले, "आधी हा माणूस भाईर जाऊ द्या. मंग सांगतो." बाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. तो उठेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

अजूनही मी लाजते. चारचौघांत बोलता येत नाही. पण माझ्या अंगात काय होतं, ते मी सांगीन तेव्हाच आणि सांगीन त्यालाच कळेल. मालकाला नाही. सासूला नाही. नवऱ्यालाही, मला वाटलं तरच.